दोनशे साठ यार्ड

"बाई, भावनेच्या भरात बोलू नका," रेठरेकर वकील म्हणाले. "हौशी माणसाचा चेंडू इतका लांब जातच नाही."

जिमखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्यासमोर उभी होते. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती, आणि त्या डोळ्यानं आता पुन्हा दिसणार नाही हे मिरजेच्या डॉक्टरांनी मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"किती जातो मग?" मी विचारलं.

"एकशे साठ यार्ड. फार तर एकशे सत्तर. एखादा तरणाबांड गडी असला तर ऐंशी. आणि आमच्या पाचव्या टीपासून तुमच्या कन्याशाळेचं कुंपण आहे दोनशे तीसवर. जाऊन बघा, अंतराचे दगड रोवलेत आम्ही. आता तुम्हीच सांगा, कसा येईल चेंडू?"

गोल्फमध्ये पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला टी म्हणतात, एवढं मला चेंडू लागल्यापासूनच्या दोन महिन्यांत कळून चुकलं होतं. मागच्या वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या चार-पाच सभासदांनी माना डोलावल्या. त्यांतच रेठरेकरांचे साडू विलासराव धुमाळ होते, साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर. ते मात्र मान न हलवता चहा पीत होते.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "गॅदरिंगला तुम्ही आमच्याकडं प्रमुख पाहुणे होता. पोरींना सांगितलंत, जिद्द असली की साठीला टेकलेला माणूससुद्धा दोनशे साठ यार्ड चेंडू मारतो. मी स्वतः मारतो म्हणालात. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीच वाजवायला लावल्या."

"भाषण होतं ते."

"मग हे काय आहे?"

"ही वस्तुस्थिती."

धुमाळांना ठसका लागला. रेठरेकरांनी तिकडं बघितलं नाही, पण त्यांचा आवाज चढला. "चेंडू आमचा असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो उडून आलेला नाही. तुमच्या मुली कुंपणाखालून घुसून आमचे चेंडू पळवतात हे अख्ख्या कॅम्पाला ठाऊक आहे. त्यांच्यातल्याच एकीनं फेकला आणि तुम्हाला लागला. आता बाईंचा डोळा गेला म्हटल्यावर कोण कबूल होणार?"

"मी वरून येताना बघितलाय तो. कडुलिंबाच्या शेंड्यावरून."

"तुम्हाला तेव्हा काय दिसत होतं, बाई?"

"तेव्हा दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. म्हणूनच सांगतेय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी नुसत्या ऐकल्या होत्या. त्या दिवशी जवळून बघितल्या, तेही पांढरीशुभ्र पॅन्ट घातलेल्या.

मी शकुंतला बर्गे, कोरेगावकडची. करंजवडी कॅम्पातल्या कन्याशाळेत मी खेळाची शिक्षिका होते. आता या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं स्टाफरूममध्ये म्हणायचे, आणि ते खरंच होतं. आमच्या शाळेकडं इमारत धड नव्हती, प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या, पण मैदान होतं. त्या मैदानावर खो-खो खेळून आमच्या पोरी जिल्ह्यात पहिल्या यायच्या. ज्या पोरींना घरी मोठ्यानं हसायची चोरी, त्या तिथं वाघिणीसारख्या पळायच्या. मैदानाच्या एका अंगाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं जिमखान्याची हिरवळ. अधूनमधून एखादा पांढरा चेंडू यायचा, आणि मी तो परत फेकायची. त्या दिवशी मी खो-खोचा खांब ठोकत होते. कुणीतरी "बाई, वर!" म्हणून ओरडलं आणि मी वर पाहिलं. पलीकडून चेंडू शोधायलाही कुणी आलं नाही.

मी तहसीलदारांकडं अर्ज केला तो एवढ्याचसाठी की पाचवी टी बंद व्हावी. डोळा काही परत येणार नव्हता. पण उद्या एखाद्या पोरीच्या कानशिलावर तो दगडासारखा चेंडू बसला तर? त्यावर आमच्या मुख्याध्यापिका अभ्यंकरबाईंनी काय करावं? त्यांनी मैदानच बंद केलं.

"शकुंतलाबाई, जरा ऐका," त्या मला म्हणाल्या. रेठरेकर आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, त्यामुळे त्यांचं नाव घेताना बाईंचा आवाज खाली यायचा. "एका विद्यार्थिनीच्या हातून चुकून चेंडू लागला, असं शाळेच्या वतीनं लिहून देऊ. विषय मिटेल."

"कुठल्या विद्यार्थिनीच्या?"

"नाव कशाला लिहायचं? 'एका' म्हणायचं."

"एका म्हणजे सगळ्यांच्याच ना? मग मैदान?"

"मैदानाचं पुढं बघू. मुलींना डबा खायला अंगण आहेच की."

म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. डोळा माझा गेला, बदनामी पोरींची आणि मैदान जिमखान्याच्या सोयीचं. मी म्हटलं, लिहून देणार असाल तर खाली माझ्याही सहीची जागा ठेवा, राजीनाम्याची. बाई रडायला लागल्या. मला त्यांची कीव आली नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

तहसील कचेरीतून नायब तहसीलदार पाटोळे चौकशीला आले. सावकाश बोलणारा, पान खाणारा माणूस. रेठरेकरांनीच त्यांना सुचवलं, की वादविवाद कशाला, प्रात्यक्षिक घेऊ. रविवारी सकाळी सगळे सभासद पाचव्या टीवरून चेंडू मारतील, तुमच्यादेखत. एकाचाही कुंपणापर्यंत गेला तर बाई खऱ्या. नाही गेला तर शाळेनं लिहून द्यायचं आणि विषय संपला.

"चालंल," पाटोळे म्हणाले. "बाई, तुम्हाला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या शब्दाला त्यांच्या दगडांपुढं किंमत नव्हती.

रविवारी सगळा जिमखाना जमला. पाचवी टी एका उंचवट्यावर होती, दगडी पायऱ्या चढून जावं लागे. तिथून खाली लांब हिरवा पट्टा, कडेला चुन्यानं रंगवलेले आकड्यांचे दगड, आणि पार पलीकडं दोनशे तीसच्या दगडाच्या उजव्या हाताला आमचं कुंपण. पायऱ्या चढताना निम्म्या सभासदांना धाप लागली. पाटोळे पंचनाम्याचा कागद गुडघ्यावर घेऊन खुर्चीत बसले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझ्या बाजूनं दुसरं कुणी आलेलं नव्हतं.

एकेक जण यायचा, लाकडी खुंटीवर चेंडू ठेवायचा आणि त्या दांडक्यानं मारायचा. मारायचा कसला, चेंडूची दृष्ट काढायचा. हळदीकुंकवाला आल्यासारखे हलके हलके हात. एकशे वीस. एकशे चाळीस. एकाचा तर उंचवट्यावरून घरंगळत खाली गेला, आणि ज्यांनी एरवी त्याची टिंगल केली असती त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. खाली उभा असलेला तलाठी दगड बघून ओरडून आकडा सांगायचा आणि पाटोळे लिहून घ्यायचे.

"हे मुद्दाम हळू मारतायत," मी पाटोळ्यांना म्हटलं.

"ते मलाबी दिसतंय, बाई. पन हळू मारलं आसं कसं लिहू? आकडा लिहिता येतो."

रेठरेकरांनी मारला. एकशे पंचेचाळीस. त्यांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले. त्यांच्यानंतर धुमाळांचा नंबर आला. त्यांनीही हळूच मारला, पण माणूस मूळचा आडदांड. चेंडू रेठरेकरांच्या चेंडूवरून टप्पा घेत पुढं गेला.

"एकशे साठ!" तलाठी ओरडला.

"अरेच्चा," धुमाळ म्हणाले. "मी तर नुसता हात लावला. साडूभाऊ, तुमचं काय दुखतंय-बिखतंय का?"

मागं दोघं-तिघं हसले. या दोन साडूंचं काय होतं ते गावाला माहीत होतं. रेठरेकरांनी गाडी घेतली की धुमाळ पुढच्या दसऱ्याला मोठी घ्यायचे. धुमाळांनी बंगला बांधला की रेठरेकर वर मजला चढवायचे. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून हिंडायच्या आणि हे दोघं एकमेकांच्या ताटातला लाडू मोजायचे.

"मला एक चेंडू द्या," रेठरेकर म्हणाले. "मघाशी हात नीट बसला नव्हता."

"वकीलसाहेब, तुमचं झालंय," पाटोळे म्हणाले.

"पंचनामा अचूक नको का?"

त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मारला. या वेळी दांडकं वाऱ्याला कापत गेल्याचा आवाज आला. एकशे ऐंशी. धुमाळांनी चहाचा कप शेजाऱ्याच्या हातात दिला आणि न विचारता पुढं झाले. एकशे पंच्याऐंशी. मग रेठरेकर. मग पुन्हा धुमाळ. इतर सभासद आधी घाबरले, एक-दोघांनी "अहो, कशाला, जाऊ द्या" केलं, पण ऐकतो कोण? दोघांचे सदरे पाठीला चिकटले. फटका मारताना धुमाळांच्या तोंडून कुस्तीतल्यासारखा हुंकार निघायला लागला. मारा, म्हटलं मनात, मारा अजून जोरात, तुमची मस्तीच तुम्हाला कुंपणाबाहेर घालवील.

शेवटी रेठरेकरांनी असा एक मारला की त्यांची टोपी उडाली आणि ते स्वतःभोवती गिरकी घेऊन पडता पडता वाचले. चेंडू उंच गेला. सगळ्यांनी कपाळावर हात धरले.

"एकशे पंच्याण्णव!" तलाठी ओरडला.

धुमाळांनी त्यानंतर दोन मारले, पण ते मागंच राहिले. रेठरेकर जिंकले होते. त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं, श्वास लागला होता, आणि चेंडू कुंपणाच्या कितीतरी अलीकडं पडला होता.

यात लबाडी उरली नव्हती. घामाला खोटं बोलता येत नाही, हे खेळाच्या शिक्षकाला कुणी सांगायला नको. ही माणसं जीव तोडून मारत होती आणि त्यांच्या जीव तोडण्याची मजल एवढीच होती. दोनशे साठ ही बोलाचीच कढी होती. म्हणजे व्हरांड्यात रेठरेकर बोलले होते ते खरंच होतं.

"बाई," पाटोळे हळू आवाजात म्हणाले, "आता मला लिवावं लागंल."

"थांबा जरा," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नव्हतं. वेळ हवा होता, बस. कुणाच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी खाली बघितलं आणि मला गवत दिसलं.

गोळाफेकीचं वर्तुळ एका हंगामात बोडकं होतं. लांब उडीच्या फळीजवळ गवताची काडी उगवत नाही. पोरी ज्या जागेवर रोज पाय रोवतात ती जागा आपोआप सांगते. आणि ही टी, जिथून म्हणे रोज डझनभर माणसं फटके मारतात, ती गालिच्यासारखी हिरवीगार होती. आज सकाळी पडलेले चार-दोन खड्डे सोडले तर तिला नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

मी पायऱ्या उतरले. "बाई कुठं निघाल्या?" असं मागून कुणीतरी म्हणालं. उंचवट्याच्या खाली, हिरव्या पट्ट्यावरच बरंच पुढं एक गुलमोहर होता. त्याच्या सावलीत एक सपाट चौकोन होता, आणि तो चौकोन पार उकरलेला होता. लाल माती उघडी पडली होती, आणि त्या मातीत मोडक्या लाकडी खुंट्या सगळीकडं पसरल्या होत्या, लग्नाच्या मांडवाखाली अक्षता पसराव्यात तशा. गवतात तांबड्या रंगाचे दोन ठोकळे कलंडून पडले होते.

"पाटोळेसाहेब!" मी तिथूनच ओरडले. "इकडं या! सगळेच या!"

पाटोळे आले, त्यांच्यामागून बाकीचे. रेठरेकर सगळ्यांत शेवटी आले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

पाटोळ्यांनी एक मोडकी खुंटी उचलून निरखली. "वकीलसाहेब?"

"लेडीज टी," रेठरेकर म्हणाले. "बायकांचा हात लांब जात नाही, म्हणून त्यांना साठ यार्ड पुढून खेळायची सवलत असते."

"जिमखान्यात बायका किती खेळतात?" मी विचारलं.

"सध्या... अशा नियमित कुणी..."

"एकसुद्धा नाही. मी शाळेतून रोज बघते. मग ही माती कुणी उकरली? आणि वर गवत कसं राहिलं?"

तेवढ्यात धुमाळ हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. हरल्याची सगळी ठसठस त्या हसण्यात होती.

"आता झाकून काय राह्यलंय?" ते म्हणाले. "वर चढायला दम कुणाला आहे? गुडघे बोलत्यात सगळ्यांचे. हितं सावली हाय, हितनंच मारतो आम्ही सगळे, वर्षानुवर्षं. आन् आकडा मात्र वाचतो वरच्या टीपासनं मोजलेल्या दगडांवरचा! त्या दिवशी मी कारखान्यावर होतो, मला कशाची भीती? म्हंजे बघा साडूभाऊ, तुमच्या दोनशे साठातले साठ बायकांचे!"

मग जिमखाना फुटला. ज्यांनी सकाळभर गंभीर चेहरे केले होते ते सगळे हसले, आपणही त्याच मातीतले आहोत हे विसरून हसले. खालून आलेला तलाठीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होता.

पाटोळे हसले नाहीत. "म्हंजे चेंडू हितनं मारला असला तर शाळंपातुर जाईल?"

"न जायला काय झालं?" धुमाळ म्हणाले. "एकशे सत्तरवर तर कुंपण येतंय."

"मग तसं लिहितो. सभासद बायकांच्या टीवरून..."

"थांबा," रेठरेकर म्हणाले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कोर्टातून घरी जाताना, सभेत, गॅदरिंगला पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं कधी नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझी माफी मागणार. अगदी खरं सांगते, मला तसं वाटलं.

"दुसऱ्यांचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी बायकांच्या जागेवरून खेळत नाही. मी नेहमी वरूनच मारतो."

"पन मघाशी तुमचा..." पाटोळे म्हणाले.

"मघाशी वारा नव्हता. त्या दिवशी पाठीशी वारा होता. मी वरच्या टीवरून मारला आणि चेंडू थेट कुंपणावरून गेला. मी स्वतः बघितला, कडुलिंबाच्या वरून गेला तो. लिहून घ्या."

हसणं बंद झालं. धुमाळ दांडक्याला टेकून उभे होते, त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. दोन महिने ज्याचा पत्ता लागत नव्हता, ज्याच्यासाठी माझ्या पोरींना चोर ठरवायची तयारी झाली होती, तो माणूस छाती पुढं काढून माझ्यासमोर उभा होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं आम्हा सगळ्यांच्या देखत तो पीळच बोलत होता.

"साहेब, तुम्ही काय बोलताय त्ये कळतंय ना?" पाटोळ्यांनी विचारलं. "बाईंना लागलेला चेंडू तुमचा, आसं होतंय."

"वकील आहे मी. मला कळतं."

हे सगळं बोलताना त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. ते साडूकडं बघत होते.

पाटोळ्यांनी खाली बसून लिहिलं, मांडीवर कागद ठेवून, शांतपणे. मग वाचून दाखवलं. पाचवी टी, वरची आणि खालची दोन्ही, आजपासून बंद, शाळेच्या मैदानावर मुलींना खेळायला कुठलीही हरकत नाही, दोष कुठल्याही विद्यार्थिनीचा नाही. मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी आनंदानं नाचायला हवं होतं. त्याऐवजी मला संताप आला. डोळा गेला तेव्हासुद्धा इतका आला नव्हता. माझा डोळा फोडल्याचं या माणसाला कबूल करता येत होतं, पण बायकांच्या टीवरून मारल्याचं येत नव्हतं.

"अंतर सुमारे दोनशे तीस यार्ड," पाटोळ्यांनी शेवटचं वाक्य वाचलं.

"सुमारे खोडा," रेठरेकर म्हणाले. "आणि दोनशे तीसवर कुंपण आहे. बाई कुंपणावर नव्हत्या, आत होत्या."

मग ते माझ्याकडं वळले. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"बाई, तुम्ही कुंपणापासून किती आत उभ्या होता?"

"दहा पावलं," मी म्हटलं.

"तीस धरू या. दोनशे साठ होतात."

पाटोळ्यांनी पेन उचलून धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी एका डोळ्यानं त्या पांढऱ्या पॅन्टकडं, घामेजल्या कपाळाकडं आणि त्या वाट बघणाऱ्या तोंडाकडं पाहिलं.

"धरा," मी म्हटलं.

पाटोळ्यांनी लिहिलं. रेठरेकरांनी चष्मा लावून आकडा तपासला, खाली झोकदार सही केली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"आभारी आहे, बाई," ते म्हणाले.